परेरा हे आडनाव मूळचे कुठले, आणि ते वसईपासून ब्राझीलपर्यंत कसे पोहोचले?

निर्मळकाठ

नमस्कार. आमचे घराणे वसई तालुक्यातील आणि आडनाव परेरा. घरात आम्ही कादोडी ही वसईकडची बोली बोलतो, शिक्षण सगळ्यांचे मराठी शाळेत झाले आणि आजोबांच्या आठवणीत तरी घराण्यातील कोणी पोर्तुगालला गेलेले नाही. आजपर्यंत या आडनावाचा मी कधी फारसा विचार केला नव्हता. गेल्या वर्षी कोलंबोला गेलो असताना हॉटेलच्या कारकुनाने माझे पारपत्र पाहिले आणि मोठ्या आनंदाने सांगितले की त्याचेही आडनाव पेरेरा आहे. मी त्याला त्याच्या चर्चचे नाव विचारले, तेव्हा तो बौद्ध असल्याचे कळले. रोमन लिपीत त्याच्या आडनावात मधला ‘आय’ नव्हता, माझ्या आडनावात आहे.

आता टोरांटोला राहणाऱ्या पुतण्याच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी मला प्रश्न पाठवला आहे: “आजोबा, आपण पोर्तुगीज आहोत का?” मी ‘नाही’ म्हणालो. मग हे आडनाव आपले कसे, असे तिने विचारले, आणि त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. या आडनावाचा अर्थ काय, ते पोर्तुगालमधील कुठल्या भागातले आहे, आणि जगभरातील इतक्या परेरांचे एकमेकांशी काही नाते आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ऐकीव माहिती असल्यास ती ऐकीव आहे असे नमूद करावे, कारण हे उत्तर एका मुलीच्या वहीत जाणार आहे.

दौरुकाठचा_पांथस्थ

मी गेली नऊ वर्षे पोर्तो शहरात राहतो, त्यामुळे पोर्तुगालच्या बाजूची माहिती देतो. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती आणि ‘पेरेयरा’, म्हणजेच आपले परेरा, हे नासपतीचे झाड. ऑलिव्हचे झाड ते ‘ऑलिव्हेयरा’, अंजिराचे ते ‘फिगेयरा’, अक्रोडाचे ते ‘नोगेयरा’. मात्र कोणा पूर्वजाने नासपतीची बाग लावली म्हणून हे आडनाव पडले, असे समजू नये. आधी गावाला किंवा वाडीला झाडाचे नाव मिळाले आणि नंतर तिथल्या माणसांना गावाचे. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव, आंबेगाव ही गावे आहेत आणि त्यांवरून पिंपळगावकर, वडगावकर झाले, तसाच हा प्रकार आहे. पोर्तुगालमध्ये पेरेयरा नावाची अनेक ठिकाणे आहेत. म्हणून पोर्तुगालमधील सगळे परेरासुद्धा एका मुळाचे नाहीत.

त्यातल्या त्यात प्रसिद्ध सरदार घराणे उत्तरेकडील मिन्यो प्रांतातील, आजच्या व्हिला नोव्हा द फामालिकांव परिसरातील. बाराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यातील लोक ‘द पेरेयरा’, म्हणजे ‘पेरेयराचे’, असे लिहू लागले. पुढे तो ‘द’ गळून गेला. याच घराण्यात नुनू आल्व्हरिश पेरेयरा हा सेनापती १३६० मध्ये जन्मला. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोटाच्या लढाईत शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या मोठ्या सैन्याचा पराभव करण्यात त्याचा वाटा मोठा होता. त्याचे भाऊ त्या दिवशी शत्रूच्या बाजूने लढत होते, म्हणजे रणांगणाच्या दोन्ही बाजूंना हे आडनाव होते. उतारवयात, १४२३ मध्ये, सगळी संपत्ती वाटून तो लिस्बनच्या कार्मेल मठात साधा बंधू म्हणून राहिला. २००९ मध्ये त्याला संतपद मिळाले. तो मठ १७५५ च्या भूकंपात कोसळला आणि त्याच्या छप्पर नसलेल्या कमानी आजही तशाच उभ्या आहेत. मी तिथे दोनदा गेलो आहे. पुन्हा जाईन तेव्हा निर्मळकाठ यांची आठवण नक्की येईल.

उच्चाराविषयीही सांगतो. लिस्बनमध्ये पहिला स्वर जवळजवळ गिळला जातो आणि ‘प्रैरा’ असे कानावर पडते. तुम्ही ‘परेरा’ असे स्पष्ट म्हणालात तर लोकांना क्षणभर कळत नाही.

आंबटगोड

पेरा म्हणजे नासपती, तर मग आपला पेरू कुठून आला? तो पेरू देशावरून आला असे आम्हाला शाळेत सांगितले होते.

साष्टीकर

आंबटगोड, तुमचा प्रश्न विषयाच्या अगदी जवळचा आहे. गोव्यात आम्ही पेरूला ‘पेर’ म्हणतो आणि त्याच्या घट्ट वडीला ‘पेराद’. पोर्तुगालमध्ये नासपतीच्या मुरंब्याला ‘पेरादा’ म्हणतात. पेरूचे झाड अमेरिका खंडातले आणि ते पोर्तुगीजांनी इकडे आणले. इथे नासपती नव्हती, आणि हे नवे फळ बाहेरून काहीसे तसेच दिसत होते, म्हणून त्यांनी त्याला आपल्या ओळखीचे नाव दिले. मराठीतील ‘पेरू’ याच ‘पेरा’वरून आला, असे सामान्यतः मानले जाते. देशाच्या नावावरून आला असे म्हणणारेही आहेत, परंतु कोकणीतील ‘पेर’ आणि ‘पेराद’ ही जोडी पाहिली की मला पहिले मत अधिक पटते.

आता मूळ प्रश्न. निर्मळकाठ, माझ्या आईचे माहेरचे आडनाव परेरा. त्या घराण्याचे धर्मांतरापूर्वीचे आडनाव ‘प्रभू’ होते, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गोव्यातील साष्टी, बारदेश आणि तिसवाडी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जी धर्मांतरे झाली, त्यांत बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचे, म्हणजे त्या विधीत त्याची जबाबदारी घेणाऱ्याचे, आडनाव मिळे. धर्मपिता एखादा अधिकारी, सरदार किंवा सैनिक असे, तर काही वेळा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचेच आडनाव मिळे. एकाच दिवशी एका वाड्यावरील वीस जणांचा बाप्तिस्मा झाला आणि धर्मपिता परेरा असला, तर ते वीसही जण परेरा होत, मग त्यांचे आपसांत नाते असो वा नसो. याच्या उलटही घडे: दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले तर एकाचे वंशज परेरा आणि दुसऱ्याचे फर्नांडिस. त्यामुळे आमच्याकडे लग्न जुळवताना वडीलधारी माणसे आडनावावर थांबत नाहीत. गाव, वाडा आणि वांगड, म्हणजे मूळ कुळाची शाखा, विचारतात. नात्याची खरी ओळख तिथे आहे.

थोडक्यात, तुमच्या नातीला सांगा की हे आडनाव रक्ताने आले नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्याने आले.

शोधयात्री

मला वेगळे म्हणायचे आहे. झाडांची आणि प्राण्यांची नावे असलेली पोर्तुगीज आडनावे मूळच्या ज्यूंची, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले, त्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणू लागले, आणि आपली ओळख लपवण्यासाठी त्यांनी परेरा, ऑलिव्हेयरा अशी झाडांची नावे घेतली. ॲमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीत परेरा होतेच. तेव्हा पोर्तुगीज परेरा हे मुळात ज्यू, असा निष्कर्ष निघत नाही का?

दौरुकाठचा_पांथस्थ

शोधयात्री, हा समज पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्येही फार लोकप्रिय आहे, पण तो टिकत नाही. नुनू आल्व्हरिशचे आजोबा गोन्सालू परेरा हे चौदाव्या शतकात ब्रागाचे आर्चबिशप होते. त्यांची समाधी तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे. म्हणजे सक्तीच्या धर्मांतराच्या दीडशे वर्षे आधीपासून हे आडनाव ख्रिस्ती सरदारांचे आणि धर्मगुरूंचे होते. १४९७ नंतर ज्यांना नवी नावे घ्यावी लागली, त्यांनी लोकांत उठून दिसणार नाहीत अशीच, म्हणजे सर्वांत प्रचलित आडनावे घेतली. त्यामुळे ज्यू परेरा होते हे खरे, परंतु परेरा म्हणजे ज्यू हे खोटे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाच्या, कागदांत सिल्वा, फर्नांडिश, रॉड्रिगिश असे सगळेच आढळतात. त्यांत झाडांची बहुसंख्या नाही.

ज्यू परेरांचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. ॲमस्टरडॅममध्ये अब्राहम इस्रायल परेरा हे सतराव्या शतकातील मोठे व्यापारी होते. जाकोब रॉड्रिगिश परेरा यांचा जन्म १७१५ चा. ते फ्रान्समध्ये उघडपणे ज्यू म्हणून राहिले आणि मूकबधिर मुलांना बोलायला शिकवण्यासाठी प्रसिद्ध झाले. त्यांचे नातू एमिल आणि इझाक यांनी १८५२ मध्ये पॅरिसला क्रेदी मोबिलिए ही पेढी काढली. तोपर्यंत आडनावाचे फ्रेंच वळणाने ‘पेरेर’ झाले होते.

शोधयात्री

आर्चबिशपांचा मुद्दा निर्णायक आहे. मी माझे विधान मागे घेतो. धन्यवाद.

कोलंबोची_सून

मी मूळची पुण्याची, लग्नानंतर कोलंबोला आले, आणि माझ्या सासूबाई माहेरच्या पेरेरा आहेत. त्याही बौद्ध. निर्मळकाठ यांना भेटलेला कारकून अजिबात अपवाद नव्हता. श्रीलंकेत हे अत्यंत प्रचलित आडनाव आहे आणि ते धारण करणाऱ्यांत बौद्ध मोठ्या संख्येने आहेत.

पोर्तुगीज श्रीलंकेत १५०५ मध्ये आले. कोट्टेचा राजा धर्मपाल याने १५५७ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्यामागोमाग दरबारी मंडळींनी पोर्तुगीज नावे घेतली. किनाऱ्यावरच्या लोकांत त्या नावांना मान आला. १६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना पूर्णपणे घालवले. डच प्रोटेस्टंट, कॅथलिकांचे विरोधक. तेव्हा ही नावे पुसली जायला हवी होती. तसे झाले नाही, आणि याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. डचांनी जमिनीच्या आणि माणसांच्या मोठ्या नोंदवह्या ठेवल्या. त्यांना ‘थोंबो’ म्हणत, आणि तो शब्दही पोर्तुगीजच. लग्न, वारसा, जमीन, सरकारी काम या सगळ्यांसाठी बाप्तिस्म्याची नोंद लागे. त्यामुळे मनाने बौद्ध असलेल्या घरांनीही मुलांची नावे चर्चच्या वहीत घातली, आणि वहीत एकदा लिहिलेले पेरेरा पुढच्या प्रत्येक कागदावर आले. पुढे इंग्रजी अमदानीत सक्ती संपली, घरे उघडपणे बौद्ध राहिली, पण आडनाव तसेच राहिले.

सिंहली माणसाचे खरे घराणे त्याच्या नावाच्या सुरुवातीला असते. त्याला वासगम म्हणतात आणि त्याच्या शेवटी बहुधा ‘गे’ येतो, म्हणजे ‘च्या घरचा’. सासूबाईंच्या पूर्ण नावात असे लांबलचक वासगम आहे, मग त्यांचे नाव, मग पेरेरा. लग्नपत्रिका पाहताना लोक वासगम पाहतात. साष्टीकर यांनी गोव्याच्या वांगडाबद्दल लिहिले आहे, त्याच्याशी हे किती जुळते पाहा.

मधला ‘आय’ गेला तो सिंहली उच्चारामुळे. सिंहलीत ते सरळ ‘पेरेरा’ लिहिले जाते आणि रोमन हिज्जे त्यावरून ठरले.

चौकारषटकार

२०१९ मध्ये डर्बनला श्रीलंकेच्या कुसल पेरेराने नाबाद १५३ धावा करून शेवटच्या जोडीदाराबरोबर सामना जिंकून दिला होता, तेव्हापासून मला हे आडनाव फार प्रिय आहे. थिसारा आणि दिलरुवान हे क्रिकेटपटूही पेरेराच. ते नासपतीचे झाड असेल असे कधी वाटले नव्हते!

निर्मळकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कोलंबोची_सून यांचा नोंदवहीचा मुद्दा वाचून मी आमच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्यांबद्दल चौकशी केली. फार जुन्या वह्या हाताळायला मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु माझ्या पणजोबांची नोंद मला पाहता आली. त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि मग परेरा. त्यांच्या धर्मपित्याचे आडनाव मात्र लोपीस. म्हणजे पणजोबांच्या काळापर्यंत धर्मपित्याचे आडनाव घेण्याची रीत संपली होती आणि आडनाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले होते.

वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. म्हणजे आमच्यावर पोर्तुगीज अंमल जेमतेम दोनशे वर्षे होता. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे गेली, तरी आमच्या गावात परेरा, डाबरे, लोपीस, तुस्कानो हीच आडनावे आहेत. मराठ्यांच्या राज्यात कोणी ती बदलायला लावली नाहीत आणि आम्हीही ती बदलली नाहीत. हे असे का झाले असेल, यावर कोणी प्रकाश टाकू शकेल का?

मंगळूरमार्गे

निर्मळकाठ, माझा अंदाज असा की तोपर्यंत परेरा हे ‘पोर्तुगीज’ आडनाव राहिलेच नव्हते. ते तुमच्या वाडीचे आडनाव झाले होते. आमचे पूर्वज गोव्यातून निघून कानडी मुलखात आले. पुढे १७८४ पासून टिपू सुलतानच्या कैदेत श्रीरंगपट्टणला पंधरा वर्षे राहिले आणि जे उरले ते १७९९ नंतर मंगळूरला परतले. गाव गेले, जमीन गेली, पण परेरा आणि त्यामागचे जुने ‘शेट’ ही दोन्ही नावे त्यांनी जपली. आजही लग्नाच्या बोलणीत जुने आडनाव विचारले जाते. ज्या समाजाला सारखे हलावे लागते, तो नावाला घट्ट धरून राहतो.

जांभूळवन

इतकी माहिती वाचून आनंद झाला, परंतु एक गोष्ट मला टोचते आहे. आपण सगळे ‘आडनाव मिळाले’, ‘आडनाव पसरले’ असे लिहीत आहोत, जणू पेरूची रोपेच. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. सगळी धर्मांतरे तलवारीने झाली नाहीत, हे मला मान्य आहे; सवलती होत्या, सोय होती, काहींची श्रद्धाही असेल. परंतु माणसाचे जुने नाव पुसून त्यावर दुसऱ्याचे नाव लिहिणे ही सत्तेची कृती आहे. मुलीच्या वहीत हेही यायला हवे.

अटलांटिकपार

जांभूळवन यांच्याशी पूर्ण सहमत, आणि ब्राझीलचे उदाहरण त्यांच्या मुद्द्याला अधिक धार देते. मी साओ पावलोत सहा वर्षे काढली. ब्राझीलमध्ये १७५७ मध्ये पोर्तुगीज सरकारने मूळ रहिवाशांच्या वस्त्यांसाठी एक नियमावली काढली. तिच्यात या लोकांना पोर्तुगालमधील घराण्यांची आडनावे द्यावीत, असे स्पष्टपणे सांगितले होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांना बाप्तिस्म्यात केवळ नाव मिळे. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर अनेकांनी जुन्या मालकाचे आडनाव लावले, कारण कागदावर काहीतरी लावणे भाग होते. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली. त्याच सुमारास आणि त्याआधीही उत्तर पोर्तुगालमधून, म्हणजे परेरांच्या मूळ मिन्योमधून, हजारो स्थलांतरित ब्राझीलला जात होते. त्यामुळे आज ब्राझीलमधल्या एखाद्या रस्त्यावर तीन परेरा भेटले, तर एक मिन्योच्या शेतकऱ्याचा वंशज असू शकतो, दुसरा त्याच नावाच्या मळेवाल्याने राबवलेल्या माणसाचा आणि तिसरा ॲमेझॉनकाठच्या मूळ रहिवाशाचा.

२०२२ च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदाच आडनावे मोजली गेली. सिल्वा सुमारे ३ कोटी ४० लाख निघाले, आणि परेरा पहिल्या पाचांत आहे. पोर्तुगालची संपूर्ण लोकसंख्याच सुमारे १ कोटी. तेव्हा या आडनावाचे वजन केव्हाच समुद्रापलीकडे गेलेले आहे.

साष्टीकर

जांभूळवन, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्या ‘बाप्तिस्म्याच्या पाण्याने आले’ या वाक्यात ते झाकले गेले, हेही मान्य. परंतु दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. आईच्या माहेरच्या घराला साडेचारशे वर्षे परेरा म्हणतात. त्या नावाने त्यांनी शेते कसली, गावकीत हक्क सांगितले, पोर्तुगीजांविरुद्धच्या चळवळीत तुरुंगही पाहिला. ‘हे नाव तुमचे नाही, लादलेले आहे,’ असे आज कोणी त्यांना सांगितले, तर तीही एक लादणूकच होईल.

कोलंबोची_सून

इथे हा वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. डॉन डेव्हिड हेवावितरणे यांनी पोर्तुगीज वळणाचे नाव टाकून अनागारिक धर्मपाल हे नाव घेतले (हे बौद्ध सुधारक), आणि त्या काळात अनेकांनी मुलांना सिंहली नावे दिली. दुसरीकडे ई. डब्ल्यू. पेरेरा यांनी १९१५ च्या दंगलीनंतरच्या इंग्रजांच्या दडपशाहीची कागदपत्रे बुटात लपवून लंडनला नेली. त्यांना ‘कोट्टेचा सिंह’ म्हणतात, आणि लंडनमध्ये राहिलेला कँडीच्या शेवटच्या राजाचा सिंहध्वज शोधण्यातही त्यांचा मोठा हात होता. त्यांनी आडनाव बदलले नाही. देशावरचे दोघांचे प्रेम सारखेच होते. सासूबाईंना मी विचारले, तर त्या म्हणाल्या की त्यांना पेरेरा हे नाव सिंहलीच वाटते.

जांभूळवन

साष्टीकर, तुमचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. नाव बदलावे असे मला म्हणायचे नव्हते; नाव कसे लागले ते विसरू नये, एवढेच. आपण एकाच ठिकाणी उभे आहोत असे वाटते.

दर्यावर्दी

दोन दर्यावर्दी धागे जोडतो.

पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून देवमाशांच्या शिकारी जहाजांवर खलाशी म्हणून निघालेले परेरा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर उतरले. तिथे कारकुनांना आणि शेजाऱ्यांना हे नाव जड जाई, म्हणून कित्येक घरांचे ‘पेरी’ झाले. आता त्या भागात पेरी आडनावाच्या माणसाचे मूळ इंग्रज की पोर्तुगीज, हे आजोबांना विचारल्याशिवाय कळत नाही. माडेरा या पोर्तुगीज बेटावरून १८३५ पासून ब्रिटिश गयानात आणि १८७८ पासून हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत मजूर गेले, तेही हे नाव घेऊन. गयानात थोड्याच वर्षांनी, १८३८ मध्ये, आपल्याकडचे गिरमिटिये उतरले. एकाच मळ्यावर माडेराचा परेरा आणि बिहारचा मजूर शेजारी राबले.

दुसरा धागा चीनचा. तोमाश परेरा हा जेझुइट १६४५ मध्ये त्याच फामालिकांव परिसरात जन्मला, गोव्यात आला, मकावमार्गे बीजिंगला गेला आणि कांग्शी सम्राटाच्या दरबारात गणिती आणि संगीतकार म्हणून राहिला. १६८९ मध्ये रशिया आणि चीन यांच्यातील नेरचिन्स्क तहाच्या वेळी तो दुभाषा होता. त्याचे चिनी नाव शू रिशंग. म्हणजे ज्या काळात गोव्यात आणि लंकेत इथल्या माणसांना परेरा हे नाव दिले गेले, त्याच काळात एका अस्सल परेराने चीनमध्ये स्वतःचे आडनाव सोडून तिथले आडनाव घेतले. जिथे सत्ता ज्याची तिथे नाव त्याचे, हे जांभूळवन यांचे म्हणणे इथे उलट्या बाजूने दिसते.

मुंबईचा_जुना_नकाशा

दौरुकाठचा_पांथस्थ यांनी नुनू आल्व्हरिशचा उल्लेख केला, पण त्याच्या मुलीचा केला नाही. ती बिआत्रिश. तिचे लग्न १४०१ मध्ये राजाचा अनौरस मुलगा अफोन्सू याच्याशी झाले आणि त्यातून ब्रागांझाचे सरदार घराणे निर्माण झाले. १६४० मध्ये हेच घराणे पोर्तुगालच्या गादीवर आले. त्या पहिल्या राजाची मुलगी कॅथरीन, जिच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाले. मिन्योच्या परेरांची लेक नसती, तर ब्रागांझा घराणे नसते आणि मुंबईची कहाणीही निराळी झाली असती. निर्मळकाठ यांच्या नातीला हे नक्की आवडेल.

आंबटगोड

मला तर आवडलेच! आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे पेरू आणि परेरा मावसभाऊ.”

नैरोबी_ते_स्विंडन

हिज्ज्यांबद्दल लिहितो, कारण त्याने आमच्या घराला दोन वर्षे त्रास दिला. आजोबा गोव्यातून नैरोबीला रेल्वेत कारकून म्हणून गेले, वडील तिथेच जन्मले, मग आम्ही इंग्लंडला आलो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. इंग्लंडमधील स्विंडन शहरात जे हजारो गोवेकर आहेत, त्यांतील बरेच याच मार्गाने आले. आम्हीही तो अर्ज केला. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मधला ‘आय’ होता, नैरोबीच्या एका कागदावर तो नव्हता आणि लग्नाच्या दाखल्यावर पहिल्या स्वराच्या जागी रोमन ‘ए’ (A) होता. तीन कागद, तीन परेरा. एक अक्षर जुळवण्यासाठी शपथपत्रे, गावच्या पाद्रींचे पत्र आणि असंख्य फेऱ्या झाल्या. ज्या देशाचे हे नाव, त्याच देशाला ते आमचेच आहे हे सिद्ध करून दाखवताना वडिलांना फार वाईट वाटले होते.

दौरुकाठचा_पांथस्थ

वडिलांची भावना समजते. खुद्द पोर्तुगीज लोकही आता हे नाव घेऊन घराबाहेर पडलेले आहेत. १९६० च्या दशकात गरिबी, हुकूमशाही आणि आफ्रिकेतील युद्धातील सक्तीची भरती यांमुळे लाखो लोक फ्रान्सला गेले, पुढे लक्झेंबर्गला. लक्झेंबर्गमध्ये आज परदेशी नागरिकांत पोर्तुगीज सर्वाधिक आहेत, आणि तिथल्या शाळांच्या हजेरीपटावर परेरा हे रोजचे नाव आहे.

हिज्ज्यांवरून रक्त कळत नाही, पण वाट कळू शकते. मधला ‘आय’ नसेल तर बहुधा श्रीलंका, ‘आय’च्या जागी ‘वाय’ असेल तर अर्जेंटिनासारखा स्पॅनिश मुलूख, ‘पेरेर’ असेल तर फ्रान्स, ‘पेरी’ असेल तर कदाचित मॅसॅच्युसेट्स. वसई, गोवा आणि मंगळूर यांनी मात्र मूळ हिज्जे जसेच्या तसे ठेवले आणि उच्चार स्वतःचा केला.

निर्मळकाठ

आज रात्री टोरांटोला फोन केला. नातीला मी सांगितले की आपण पोर्तुगीज नाही. कोणा परेरा नावाच्या माणसाने आपल्या एका पूर्वजाचा बाप्तिस्मा होताना हात धरला असेल, तो पूर्वज स्वतःहून आला होता की त्याला यावे लागले होते हे आपल्याला माहीत नाही, आणि तेव्हापासून हे नाव आपल्याबरोबर आहे. जांभूळवन आणि साष्टीकर या दोघांचेही म्हणणे मी तिला सांगितले. मुंबईच्या आंदणाची गोष्ट तिने दोनदा ऐकली.

मग तिने विचारले की बाप्तिस्म्याच्या आधी आपले आडनाव काय होते. साष्टीकरांकडे ‘प्रभू’ आहे, मंगळूरमार्गे यांच्याकडे ‘शेट’ आहे, कोलंबोत वासगम आहे. आमच्याकडे मात्र घराचे नाव तेवढे आहे, ‘कोपऱ्यावरचे’, कारण जुने घर आळीच्या कोपऱ्यावर होते. नातीने आपल्या वहीत परेराच्या खाली तेच लिहिले आहे. आमच्या परिसरातील कोणाच्या घरात जुन्या आडनावाची आठवण राहिली असेल, तर इथे जरूर लिहा. येत्या रविवारी मिस्सानंतर आमच्या आळीतील नव्वदी ओलांडलेल्या एका मावशींकडे मी वही घेऊन जाणार आहे.